विंचवाचं बिऱ्हाड, छत्तीस फुटी

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण ते बिऱ्हाड किती फूट लांब असावं, ते लहान पडायला लागलं तर विंचवाने काय करावं, जुनं देऊन वर पैसे भरून मोठं घ्यावं की आहे त्यातच नांगी आवरून बसावं, हे कुठल्याच मास्तरांनी सांगितलं नाही. मला ते गेल्या मार्चमध्ये, पहाटे साडेपाच वाजता, थेट अमेरिकेतून विचारण्यात आलं.

विचारणारा आमचा बापूकाका. म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. ओहायो नावाच्या राज्यात चाळीस वर्षं राहून, इंजिनियर म्हणून रिटायर होऊन, तिथे तो आता 'फिरतो'. फिरतो म्हणजे आपण जेवणानंतर शतपावली करतो तसा नाही. त्याच्याकडे मोटारहोम आहे. पुढे मोटार, मागे घर. सेकंडहँड आहे, पण घर म्हणजे अगदी घर. ओटा, फ्रीज, पलंग, संडास, सगळं चोवीस फुटांत बसवलेलं. काका आणि काकू उन्हाळा आला की कुलूप लावून बाहेर पडतात, आणि गंमत म्हणजे कुलूप लावलेलं घर मागे ठेवून दुसरं घर चालवत नेतात.

"झोपला होतास का रे?" काकाने विचारलं.

पहाटे साडेपाचला बँकेचा कारकून दुसरं काय करत असणार, असा त्याचा समज आहे कोण जाणे. मी "छे छे" म्हणालो.

"एक विचारायचं होतं. चोवीस फुटी देऊन छत्तीस फुटी घेऊ का? सेकंडहँडच आहे. २००७ सालची. डीलर अडुसष्ट हजार म्हणतोय, आपलीचे बावीस देतोय. तू बँकेत आहेस म्हणून विचारतो."

आमच्या खानदानात मी एकटा कॉमर्सवाला. बाकी सगळे सायन्सचे. त्यामुळे इंजिनाविषयी मला कुणी विचारत नाही, आणि पैशाविषयी मला विचारल्याशिवाय कुणी राहत नाही. माझा सल्ला नंतर कुणी मानत नाही, ती गोष्ट वेगळी. मी डॉलरचे रुपये करायला लागलो आणि कागद पुरेना, तेव्हा "आठ दिवसांत कळवतो" असं आमच्या बँकेच्या थाटात सांगून फोन ठेवला.

आणि पहिल्याच पायरीला अडलो. ही वस्तू कुठल्या खात्यात धरायची? घर म्हटलं तर ते स्थावर. मोटार म्हटली तर ती जंगम. हे स्थावर दर उन्हाळ्यात जंगम होऊन कॅनडाच्या सरहद्दीपर्यंत जाऊन येतं. घराची किंमत वर्षागणिक चढते, गाडीची उतरते. ह्याची चढते ती फक्त लांबी. किंमत गाडीसारखी उतरतेच. अमेरिकेच्या इन्कम टॅक्सवाल्यांनी मात्र हा प्रश्न सोडवून टाकला आहे. जिथे झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि संडास आहे ते घर, मग ते जमिनीवर असो, पाण्यावर असो की चाकांवर. दुसरं घर म्हणून त्याच्या कर्जाच्या व्याजावर सवलतही मागता येते. हे वाचल्यावर मी जरा वेळ गप्प बसलो. कारण ह्या व्याख्येप्रमाणे गिरगावातल्या ज्या खोलीत मी जन्मलो ते घर नव्हतंच. आमचा संडास गॅलरीच्या टोकाला होता आणि त्यावर बावीस बिऱ्हाडांचा हक्क होता.

ती खोली दहा बाय अठरा. एकशेऐंशी चौरस फूट. तीत आजी, आजोबा, आई, बाबा, मधले काका, बापूकाका, आत्या, ताई आणि मी अशी नऊ माणसं. माणशी वीस फूट. बापूकाकाची आजची गाडी चोवीस बाय आठ, म्हणजे एकशेब्याण्णव. माणसं दोन. माणशी शहाण्णव. आणि काका म्हणतो, "अडचण होते रे!" हिशेब बरोबर आहे हे मी तीनदा पाहिलं. मग मला वाटलं, ही अडचण फुटांची नसावी. माणसाला मोठं बिऱ्हाड का हवं होतं, हे पाहायचं तर मुळापासून पाहायला हवं. मी वाचायला बसलो. आठ दिवसांची मुदत होतीच.

हौसेखातर चाकांवर घर बांधून हिंडण्याचा मान साधारणपणे एका डॉक्टरला देतात. विल्यम गॉर्डन स्टेबल्स. हा स्कॉटिश माणूस ब्रिटिश आरमारात सर्जन होता, निवृत्तीनंतर पोरांसाठी साहसकथा लिहायचा. १८८५ साली त्याने ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यातून एक गाडी बनवून घेतली. नाव 'वाँडरर'. महॉगनीचं लाकूड, लांबी अठरा फुटांच्या घरात, वजन सुमारे दोन टन आणि ओढायला दोन घोडे. लाकडाची चैन गृहस्थाने जिप्सी लोकांना पाहून केलेली नव्हती. ते बिचारे गरजेपोटी गाडीत राहत. हा राहिला हौसेपोटी. बर्कशायरमधल्या ट्वायफर्डहून निघून तो पार स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसला पोचला, तेराशे मैलांचा प्रवास, आणि पुढच्या वर्षी त्यावर पुस्तकही काढलं.

आता ह्या प्रवासात किती जण होते ते पाहा. स्वतः डॉक्टरसाहेब. एक कुत्रा. एक काकाकुवा. घोडे हाकायला एक कोचमन. आणि एक नोकर, जो तीनचाकी सायकलवर बसून पुढे जायचा. कशासाठी? तर अरुंद रस्त्यावर समोरून कुणी येत असेल तर त्याला थांबवायला! दोन टनांचं घर एकदा उतारावर लागलं की डॉक्टरसाहेबांना स्वतःला ते थांबवता येईल अशी खात्री नव्हती. म्हणजे जगातलं पहिलं हौशी फिरतं घर चालायचं ते मालकाच्या हौसेवर आणि दुसऱ्याच्या पायांवर. हा मुद्दा मी तेव्हा नुसता वाचून पुढे गेलो. तो पुढे माझ्या अंगावर येणार होता.

मग मोटारी आल्या. १९१० साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पिअर्स-ॲरो कंपनीने आपली 'टूरिंग लँडो' मांडली. मागची सीट उलगडली की बिछाना, ड्रायव्हरच्या पाठीमागून घडीचं बेसिन बाहेर, आणि नैसर्गिक गरजेसाठी एक भांडं. मालकाने शोफरशी बोलायला मधे टेलिफोन. म्हणजे भांडं पाठीशी आणि टेलिफोन तोंडाशी. श्रीमंतांच्या सोयी आम्हां चाळकऱ्यांना नेहमी जवळून ओळखीच्या वाटतात त्या ह्यामुळे.

पाचच वर्षांनी एक कॉन्क्लिनसाहेब आले. रोलंड कॉन्क्लिन. त्यांची स्वतःची बस बनवायची कंपनी होती. मग काय विचारता! हलवायाच्या घरी लाडवांची मोजदाद कोण करतो? १९१५ साली त्यांनी पंचवीस फूट लांब आणि आठ टन वजनाची 'जिप्सी व्हॅन' बनवली. वीज करणारं यंत्र, पूर्ण स्वयंपाकघर, आगगाडीसारखे झोपायचे फलाट, ग्रामोफोन, लपवलेलं पुस्तकांचं कपाट आणि टपावर बाग. हो, बाग. हे सगळं घेऊन कुटुंब न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडहून निघालं ते सॅन फ्रान्सिस्कोला. त्या काळी अमेरिकेत शहराबाहेर धड रस्ता कसा तो नव्हता.

आठ टन आणि टपावर बाग हे वाचताना मला पानिपत आठवलं. मराठी माणसाला काहीही वाचताना शेवटी पानिपत आठवतंच, पण इथे खरंच जागा होती. शिवाजीमहाराजांच्या लष्करात बायका, बटकी, कलावंतिणी बरोबर न्यायची सक्त मनाई होती, असं सभासदाच्या बखरीत आहे. म्हणून ते लष्कर आज इथे तर उद्या तिथे. आणि १७६० मध्ये भाऊसाहेब उत्तरेत निघाले तेव्हा बरोबर बायकामुलं, बुणगे आणि काशीप्रयागची यात्रा साधून घेऊ म्हणणारी यात्रेकरू मंडळी. जागा आहे तर या, असं एकदा म्हटलं की जागा कितीही असो, ती भरतेच. १४ जानेवारी १७६१ ला काय झालं ते सांगायला नको. मी हा मुद्दा वहीत टिपला आणि पुढे कंसात लिहिलं, 'काकाला कळवताना सौम्य करणे'.

सामान्य माणूस ह्या खेळात उतरला तो पहिल्या महायुद्धानंतर. १९१९ साली फ्लोरिडातल्या टँपा गावी फोर्डच्या गाड्यांना तंबू जोडून हिंडणाऱ्या लोकांनी एक मंडळ काढलं, 'टिन कॅन टूरिस्ट'. जेवण डब्यातलं, आणि ओळख म्हणून गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर एक रिकामा डबा डाग देऊन बसवलेला. आमच्या घरी ह्याला सहल म्हणतात. तिकडे त्याची संस्था झाली.

ह्या सगळ्या इतिहासात मला मनापासून आवडलेला माणूस म्हणजे डेट्रॉईटचा आर्थर शर्मन. हा जंतुशास्त्रज्ञ. १९२९ साली सुटीसाठी त्याने मोटारीमागे जोडायचा एक तंबू विकत घेतला. जाहिरातीत लिहिलं होतं, पाच मिनिटांत उभा राहतो. पहिल्याच मुक्कामी वादळ आलं. तंबू पाच मिनिटांत उभा राहिला नाही आणि अख्खं कुटुंब चिंब भिजलं. आपल्यापैकी कुणी असता तर त्याने दुकानदाराला शिव्या दिल्या असत्या, बायकोने त्याला दिल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. शर्मनने घरी येऊन सुताराकडून टणक भिंतींचं, सहा फूट रुंद, नऊ फूट लांब घर करून घेतलं आणि थट्टेने त्याला 'कव्हर्ड वॅगन' हे पश्चिमेकडे गेलेल्या जुन्या बैलगाड्यांचं नाव दिलं. लोक मागायला लागले. जानेवारी १९३० च्या मोटारप्रदर्शनात त्याने ते मांडलं. मंदी नुकतीच लागलेली. मोठमोठ्या बँका बुडत होत्या आणि हा जंतूंचा डॉक्टर घरं विकत होता. १९३६ पर्यंत त्याची कंपनी अशा घरांची अमेरिकेतली सगळ्यांत मोठी उत्पादक होऊन बसली. त्याच सुमारास रॉजर बॅबसन नावाच्या प्रख्यात अर्थतज्ज्ञाने भाकीत केलं की वीस वर्षांत निम्मी अमेरिका चाकांवर राहायला जाईल. हे वाचून माझा अर्थतज्ज्ञांवरचा विश्वास दृढ झाला. आमच्या बँकेतही असे एक आहेत.

शर्मनकडून मात्र एक उपयोगी गोष्ट मिळाली, ती मी लाल शाईने लिहिली. फिरत्या घराचा खरा वैरी म्हणजे पाऊस. सेकंडहँड घेताना इंजिन शेवटी ऐकावं. आधी छताचे कोपरे बोटाने दाबून पाहावेत, कपाटांच्या आत नाक घालून वास घ्यावा, बाहेरचा पत्रा कुठे फुगलाय का ते तिरप्या उजेडात बघावं. आतलं लाकूड एकदा भिजलं की दुरुस्ती गाडीच्या किमतीशी स्पर्धा करते. ह्या विषयात चाळीतल्या माणसाला तज्ज्ञ मानायला हरकत नाही. वरच्या मजल्यावरचं पाणी आपल्या कुठल्या भिंतीत उतरेल हे आम्ही झोपेतही सांगायचो.

आतापर्यंतची घरं एकतर श्रीमंतांच्या शोफरने चालवलेली, नाहीतर मोटारीमागे ओढलेली. पुढे मोटार नि मागे घर अशी एकाच अंगाची, आणि बापाने स्वतः चालवायची गाडी आली ती मिशिगनमधल्या ब्राऊन सिटीच्या रे फ्रँकमुळे. १९५८ मध्ये त्याने स्वतःच्या कुटुंबासाठी एक बनवली. जिथे थांबेल तिथे लोक गोळा व्हायचे आणि "आम्हाला पण करून द्या" म्हणायचे. डॉज कंपनीच्या सांगाड्यावर तो त्या बनवून विकायला लागला, आणि 'मोटारहोम' हे नाव तेव्हापासून रूढ झालं. पण ती स्वस्त केली आयोवातल्या फॉरेस्ट सिटीच्या विनेबेगोने. ह्या कंपनीचे जॉन हॅन्सन म्हणजे मूळचे फर्निचरचे दुकानदार, आणि जोडीला अंत्यविधीची व्यवस्था करणारे. माणसाला कमीत कमी जागेत नीट कसं बसवावं ह्याचा अभ्यास दोन्ही धंद्यांत झालेला. १९६६ पासून त्यांनी मोटारहोम कारखान्यात ओळीने बनवायला घेतली आणि इतरांच्या जवळजवळ निम्म्या किमतीत दिली. शेतकऱ्यांच्या त्या लहान गावात शेअरवर पैसे लावलेले कितीतरी साधे लोक लक्षाधीश झाले. आमच्या चाळीत शेअरवर पैसे लावणारे एक काणेमामा होते. असो.

मग आली १९७३ ची जीएमसी. आजही शौकीन लोक हिच्यावर जीव टाकतात, आणि चित्रं पाहिल्यावर मीही टाकला. तेवीस आणि सव्वीस फुटी अशा दोन लांब्या. साडेसात लिटरचं भलंमोठं इंजिन पुढे, ओढ पुढच्याच चाकांना, त्यामुळे खालून मागे जाणारा दांडा नाही आणि जमीन इतकी ठेंगणी की आजीबाईंनी टुणकन चढावं. खिडक्या तर अशा की आतल्याने बाहेर पाहावं की बाहेरच्याने आत, असा प्रश्न पडावा. अशी गाडी बाजारात येऊन स्थिरावते न स्थिरावते तोच ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी अमेरिकेचं तेल तोडलं. तीन डॉलरच्या आत असलेलं पिंप जानेवारीपर्यंत अकराच्या वर गेलं. शनिवारी रात्रीपासून रविवार संपेपर्यंत पेट्रोल विकू नका, असं राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी पंपवाल्यांना सांगितलं. आता सहलीला जायचं कधी, मंगळवारी? पुढे महामार्गावर ताशी पंचावन्न मैलांच्या वर जायला बंदी आली. आणि ही सुंदरी लिटरला जेमतेम चार किलोमीटर देणारी! १९७८ मध्ये कंपनीने ती बंद केली. जेमतेम तेराएक हजार झाल्या असतील.

ह्या सगळ्या इतिहासाला एक लय आहे, हे माझ्यासारख्या खतावणीवाल्याच्या लक्षात आलं. तेल स्वस्त, कर्ज स्वस्त, की घरं लांबतात. फास बसला की कंपन्या बुडतात. २००८ ला पुन्हा तेच झालं. २००९ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांनी दिवाळखोरीचे अर्ज केले. आणि २०२० च्या करोनात विमानं नि हॉटेलं बंद झाल्यावर सगळ्या अमेरिकेला एकदम शर्मन आठवला. २०२१ साली ओढायची आणि चालवायची मिळून सहा लाखांवर घरं कारखान्यांतून बाहेर पडली. २०२३ ला तोच आकडा तीन लाख तेरा हजारांवर आला. हौस फिटलेल्या लोकांची घरं बाजारात यायला लागली. म्हणजे घासाघीस करायला जागा होती. हे सगळं मी फुलस्केपच्या सहा पानांत मुद्देसूद लिहिलं, घसारा काढला, आणि एक खास सूचना जोडली. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते वाचावेत, कारण ही घरं उभीच फार राहतात, आणि रबर न चालताही म्हातारं होतं. चेकवरची तारीख बघून बघून माझी नजर ह्या बाबतीत तयार आहे.

ठरल्या वेळी फोन लावला. काकाने सहा पानं शांतपणे ऐकली. पानिपतावर एकदा खोकला.

"ते सगळं ठीक आहे रे," तो म्हणाला, "पण छत्तीस फुटीत सहा जण झोपतात. मी मोजलं. आम्ही दोघं. तुझी आई, आत्या, ताई आणि तू. बरोबर सहा. भिंतसुद्धा बाहेर सरकते तिची, बटण दाबलं की. एकदा सगळ्यांना नेतो. यलोस्टोन दाखवतो. नऊतले पाच राहिलो आपण."

मला आठ दिवस न सुटलेला माणशी चौरस फुटांचा हिशेब त्या एका वाक्यात सुटला. घसारा मागे घ्यावा असं वाटायला लागलं. (सौ. शेजारून ऐकत होती. तिने हळूच विचारलं, "सहात मी कुठे? टपावर?" मी तिला कॉन्क्लिनची बाग सांगणार होतो, पण वेळ बरी नव्हती.)

तेवढ्यात पलीकडे फोनची खुडबुड झाली आणि काकू बोलायला लागली. काकू फार बोलत नाही.

"बाळ्या, तुझ्या त्या इतिहासात गाडी चालवायचं कोण?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे मालक आत बसायचा. चालवायचं कोण?"

"कोचमन असायचा," मी म्हणालो. "मग शोफर. नंतर... नंतर घरातले पुरुष."

"आणि घरातल्या पुरुषाच्या छातीत दुखायला लागलं तर?"

मी गप्प. मागे काकाचं "अगं, कशाला आता" ऐकू आलं.

"ह्यांनी तुम्हाला कुणाला सांगितलं नाही. गेल्या सप्टेंबरात नेब्रास्कात. दोन्ही बाजूंना नुसता मका, माणूस नाही. हे घामाने डबडबलेले. फोनला रेंज नाही. मी जन्मात ती गाडी चालवली नव्हती. ह्यांना मागच्या पलंगावर झोपवलं आणि चाळीस मैल चालवली. हॉस्पिटलच्या दारात आडवी लावली, सरळ लावता येईना म्हणून. दोन स्टेंट घातले." मग थोडं थांबून म्हणाली, "चोवीस फुटी होती म्हणून चालवली. डीलरकडे त्या छत्तीस फुटीच्या सीटवर मी बसून आले परवा. आरशात मागचं टोक दिसत नाही. ती मी जागची हलवू शकणार नाही."

छत्तीस फूट म्हणजे साधारण आपली लाल एस. टी. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ही असली गाडी साध्या मोटारीच्या लायसनवर चालवता येते, हे मी वाचलं होतं आणि सहा पानांत 'सोयी' ह्या सदराखाली घातलं होतं. शिवाय इतकी लांब गाडी भाजी आणायला नेता येत नाही, म्हणून तिच्यामागे एक छोटी मोटार बांधून ओढत न्यायची पद्धत आहे. तेही 'सोयी'तच. स्टेबल्सचा तीनचाकीवाला नोकर मला आठवला. तो माझ्या सहा पानांत कुठेच नव्हता.

"आणि मोठी घेऊन जाणार कुठे?" काकू म्हणाली. "ग्लेशियर पार्कला तो डोंगरातला रस्ता आहे ना, ह्यांना बघायचाच होता. एकवीस फुटांवरची गाडी वर सोडत नाहीत. आमची चोवीसचीसुद्धा खालीच ठेवावी लागली. मग त्यांच्या लाल बशी आहेत जुन्या, १९३६ सालापासूनच्या, तीत बसून गेलो. टप उघडं. हे लहान मुलासारखे उभे राहून बघत होते."

तो रस्ता १९३३ मध्ये खुला झाला. डोंगराला खोदून काढलेला, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. कारखाने घर कितीही लांबवोत, तो काही रुंद झालेला नाही. एवढं मला माहीत होतं, पण काकूपुढे मी ते बोललो नाही.

मग पंधरा दिवस फोन नाही. मी दोनदा लावला, तर "बाहेर आहोत" एवढंच. आईला मी नेब्रास्का सांगितलं नाही. तिने काय ओळखायचं ते ओळखलं आणि बापूकाकाच्या नावाने शनिवार धरला.

एप्रिलच्या शेवटी फोटो आला. तीच जुनी चोवीस फुटी. ड्रायव्हरच्या सीटवर काकू, पाठीमागे उशी, डोळ्यांवर काळा चष्मा. शेजारी काका, मांडीवर नकाशा, चेहऱ्यावर पंगतीत शेवटी वाढल्या गेलेल्या माणसाचा भाव. खाली लिहिलं होतं, 'सहा टायर नवीन. तारीख वाचून घेतली. कुटुंबाला मोकळ्या मैदानावर शिकवतोय. मागे घेताना मी खाली उतरून हात करतो.'

रात्री त्याने फोन केला.

"डीलरला नाही म्हणून सांगितलं," तो म्हणाला. आवाज जरा पडलेला होता, पण फार नाही. "तुम्ही सगळे एकदम नाही मावणार. पाळीपाळीने या. दोन-दोन."

"चाळीतल्या संडासासारखे?"

तो मोठ्यांदा हसला. किती तरी दिवसांनी. "आधी वहिनी आणि आत्या येऊ देत. मागचा पलंग त्यांना, आम्ही टेबल मोडून खाली झोपू. मग तू नि तुझी बायको. तुमची जागा ड्रायव्हरच्या डोक्यावर. माळा आहे तिथे. शिडीने चढायचं. उठून बसलास की कपाळ आपटेल. आठवतं ना?"

आठवतं. गिरगावात माळ्यावर बापूकाकाच्या शेजारी मी झोपायचो, पाच वर्षांचा होईपर्यंत, तो अमेरिकेला जाईपर्यंत. तो खालच्या आवाजात कसल्या कसल्या गोष्टी सांगायचा आणि मी उठून बसायचो, आणि कपाळ आपटायचं. आता माझे गुडघे कुरकुरतात, शिडीचं जरा कठीणच आहे, पण सौ. म्हणाली, टपापेक्षा माळा बरा.

मी रजेचा अर्ज केला. आमच्याकडे आता तो कॉम्प्युटरवर भरायचा असतो. एकवीस दिवस म्हटल्यावर साहेबांनी बोलावून घेतलं. "एवढी रजा कशासाठी? कारणाच्या रकान्यात तुम्ही नुसतं 'घरगुती' लिहिलंय."

"साहेब," मी म्हटलं, "चोवीस फुटी आहे."